झोपून बघितलेली खोली

आमच्या थोरल्या जाऊबाई कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या की पहिल्या खुर्चीवर कधी टिकत नाहीत. बसतात, उठतात, दुसरीवर बसतात, मग "तुमच्या या दिव्याचा उजेड डोळ्यांत येतो हो" असं म्हणून यजमानांचा दिवाच बंद करून टाकतात. एकदा माझ्या माहेरी आल्या होत्या. चहाचं आधण उकळेपर्यंत यांनी माझ्या आईचं कपाट भिंतीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. आई चहा घेऊन बाहेर आली आणि ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला वाटलं, आपण चुकून शेजाऱ्यांच्या घरात आलो. अजूनही मी माहेरी जायला निघाले की आई फोनवर विचारते, "एकटीच येतेयस ना गं?"

जाऊबाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. त्या नोकरी करतात त्या हॉस्पिटलात तर त्यांचं नावच भिंगरी पडलंय. तोंडावर नाही हं. तोंडावर 'मॅडम'. पाठ वळली की "भिंगरी आली का?", "भिंगरी वर गेली की खाली?" त्यांना ते माहीत आहे, आणि मला तर वाटतं, मनातून आवडतंसुद्धा.

हॉस्पिटल तसं लहान. तळमजल्यावर तपासण्या आणि वर खोल्या. तिथल्या खोल्यांची सगळी व्यवस्था जाऊबाईंकडे. चादरी, पडदे, पाणी, साफसफाई, आयाबाईंच्या पाळ्या, कुठला नळ गळतो, कुठली कडी बसत नाही. पण ही कामं काय, कुणीही करेल. जाऊबाईंची खरी गंमत वेगळीच. खोली झाडून पुसून तयार झाली, चादर ताणून घातली, की त्या चपला काढून सरळ पेशंटच्या पलंगावर आडव्या होतात. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. बाहेर आयाबाई तोंडाला हात लावून हसत असतात.

"माणूस खोलीत उभा राहून आजारी पडतो का?" त्या मला सांगायच्या. "तो झोपूनच असतो ना? मग खोलीही झोपूनच बघायची."

आणि झोपल्यावर त्यांना काय काय दिसायचं! छतावरचा ओलीचा डाग, ज्याच्याकडे बघून एखाद्याला दिवसभर वाईटसाईट सुचेल. पंख्याची कुरकुर. दाराच्या फटीतून येणारा जिन्यातला उजेड. पाण्याचा तांब्या पलंगापासून नेमका हातभर लांब. मग डागावर रंग, पंख्याला तेल, फटीला पट्टी, तांब्या हाताशी. खुर्च्यांच्या पायांना रबर, म्हणजे नातेवाईक उठले-बसले तरी करकर नको. तिथे राहून आलेली माणसं बाहेर भेटली की ऑपरेशनपेक्षा खोलीचंच कौतुक जास्त करतात. "अहो, आपण काही बोलायच्या आत सगळं हाताशी!" मी उगाच नाही म्हणणार. माझी जाऊ असली म्हणून काय झालं, तिच्या हातात ते आहे.

पण हा गुण घरी आला की माझ्या डोक्याला ताप. आमचं घर एकच, दोघा भावांनी मधोमध वाटून घेतलेलं. पुढचा भाग आमचा, मागचा त्यांचा, मध्ये एक दार. पुढच्या खोलीची खिडकी थेट रस्त्यावर. खिडकीशी माझं शिलाईमशीन आणि मशीनला लागून सासूबाईंची खाट. मशीनही खरं तर सासूबाईंचंच. सासरे अकाली गेले तेव्हा या मशीनवर त्यांनी दोन मुलगे वाढवले. हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी मला मशीनवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. धागे कापणं, बॉबिन भरणं, आणि माझ्या प्रत्येक टाक्याला नावं ठेवणं, ही त्यांची कामं. त्यातलं तिसरं त्या सगळ्यात मनापासून करत.

"ही काय शिवण आहे का? गोणपाट शिवतेयस का तू?"

मी म्हणायची, "मग या तुम्ही, शिवा."

"येईन हो येईन, तुला लाज वाटेल."

दिवसभर हे असंच चालायचं. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, शाळा सुटल्यावर पोरांचा कल्ला, मशीनची खडखड, आणि वर आमचं भांडण. दुपारी सासूबाई खाटेवर लवंडायच्या आणि मशीन चालू असतानाच घोरायला लागायच्या. मी दोरा बदलायला मशीन थांबवलं की लगेच डोळे उघडून, "काय झालं? तुटली का सुई?"

जाऊबाई मधल्या दारातून डोकावायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. "कसं राहतं गं माणूस या गोंगाटात? माझं तर डोकं उठतं."

त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी न्यायची. पण त्याच्यामागे काहीतरी होतं, हे मला ठाऊक होतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हे घर अर्धंच बांधलेलं होतं. मी यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. दीर कामावर परगावी, घरात जागा नाही, म्हणून नव्या सुनेचं अंथरूण स्वयंपाकघराच्या दारात. तेही सगळ्यांचं आटोपल्यावर घालायचं आणि सगळ्यांच्या आधी गुंडाळायचं. पाणी प्यायला उठणारा माणूस त्यांना ओलांडून जायचा. "कोण कधी ओलांडेल याचा नेम नसायचा, म्हणून मला गाढ झोप अशी लागलीच नाही," एकदा त्या बोलून गेल्या होत्या, आणि मग लगेच उठून माझ्या टेबलावरचा कपड्यांचा ढीग या बाजूचा त्या बाजूला केला होता. सासूबाईंशी त्या कधी भांडल्या नाहीत. भांडण तर मीच करायची. त्या नुसत्या अदबीनं वागायच्या, आणि सासूबाईंनाही त्यांच्याशी काय बोलावं हे सुचत नसे.

मग सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन जाऊबाईंच्याच हॉस्पिटलात झालं, आणि तिथे सासूबाई कशा होत्या म्हणून सांगू? झकास! आयाबाईंची उलटतपासणी, शेजारच्या खोलीतल्या बाईच्या सुनेची चौकशी, नर्सच्या गणवेशाची शिलाई कुठे बिघडलीय ते. दुखत होतं, पण तोंड चालू होतं.

घरी आणायची वेळ आली तेव्हा जाऊबाईंनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. "आई माझ्याकडे राहतील. मागच्या खोलीत. पुढे त्या कारखान्यात नको."

कारखाना म्हणजे माझी खोली! मला असं झोंबलं म्हणून सांगू! पण हाड मोडलेल्या म्हातारीसमोर काय बोलायचं?

मागची खोली त्यांनी केली मात्र दृष्ट लागण्यासारखी. बाजूला कठडा असलेला पलंग, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून हवेची गादी. हाताशी पाणी, हाताशी बेल, हाताशी औषधं, हाताशी टॉवेल. पलंगाला चिकटून कमोडची खुर्ची. डोळ्यांवर येणार नाही असा मंद दिवा. खिडकीला जाड पडदा. मधलं दार बंद, त्याच्या फटीला कापडाची गुंडाळी. आणि हो, सासूबाईंना आणायच्या आधी त्या पलंगावर आडव्या होऊन किती वेळ पडून राहिल्या. उठल्या आणि म्हणाल्या, "आता बघ. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

टाचणी पडली नाही. सासूबाईच पडून राहिल्या.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, थकल्या असतील. मग जेवणातून मन उडालं. दोन घास खाऊन ताट बाजूला. दिवसभर डोळे मिटलेले, पण झोप नाही. व्यायाम करवून घ्यायला एक मुलगी यायची, वॉकर पलंगाशी आणून ठेवायची. ती गोडीगुलाबीनं म्हणायची, "आजी, आज दोन पावलं टाकू या हं." सासूबाई डोळे न उघडता म्हणायच्या, "कशाला? मला कुठे जायचंय?"

ती बिचारी माझ्याकडे बघायची. खरंच होतं. पाणी हाताशी, औषध हाताशी, खुर्ची हाताशी. म्हातारीला जायचं तरी कुठे होतं?

डॉक्टर घरी येऊन बघून गेले. हाड छान जुळलंय म्हणाले. "पण आता पाय टाकलाच पाहिजे. अजून थोडे दिवस अशाच पडून राहिल्या तर पायांतली उरलीसुरली ताकद जाईल. मग त्यांना उठवायला कुणीही आलं तरी उपयोग नाही." हे त्यांनी हळू आवाजात दाराशी सांगितलं. दिरांचा चेहरा उतरला. मी आत बघितलं तर जाऊबाई ऐकता ऐकता पलंगाचं डोकं खिडकीकडे फिरवायला लागल्या होत्या.

त्यानंतर तर त्यांचं काही खरं राहिलं नाही. ड्यूटीवरून आल्या की खोली फिरवायच्या. पलंग पूर्वेला, पलंग पश्चिमेला. पडदा हिरवा, पडदा पांढरा. उशी जाड, उशी पातळ. गादी बदलली, तांब्याची जागा बदलली, बेल उजवीकडून डावीकडे गेली. दर बदलानंतर सासूबाईंना खुर्चीत बसवून स्वतः पलंगावर आडव्या व्हायच्या आणि छताकडे टक लावून बघत राहायच्या, छत काहीतरी सांगेल म्हणून. "काय कमी पडतंय गं? सांग ना, काय कमी पडतंय?" मला विचारायच्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. एका जागी बसून जेवतसुद्धा नव्हत्या, ताट हातात घेऊन खोलीभर फिरायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. अशी बाई जगात दुसरी नसेल, पण हिला कुणीतरी धरून खाली बसवा हो, असं वाटायचं.

आणि मीही काही शांत नव्हते. पुढे सासूबाईंची खाट रिकामी. शिवता शिवता तोंडातून निघून जायचं, "आई, कात्री द्या हो," आणि मग आपलं आपणच उठून घ्यायची. शिवण सरळ आली तरी कुणी नावं ठेवायला नव्हतं. कामात लक्षच लागत नव्हतं.

एके दिवशी सासूबाईंजवळ बसणारी बाई आलीच नाही, तिच्या पोराला ताप. दोघे भाऊ कामावर. जाऊबाईंना रजा मिळेना. त्या दाराशी चपला घालत मला सूचना देत होत्या. "पाणी कोमट. बेल वाजली की लगेच जायचं. त्यांना उठू द्यायचं नाही, सगळं हाताशी आहे. पडदा उघडायचा नाही."

"ताई, मला शाळेचे गणवेश उद्या द्यायचेत. मी दिवसभर तिथे हात बांधून नाही बसू शकत."

"मग हातशिलाई घेऊन बस."

"गणवेश हातानं शिवतात का?"

"ते मला माहीत नाही," म्हणून त्या गेल्या. पाठमोऱ्या झाल्या तरी बोलतच होत्या.

माझंही डोकं फिरलं. गेले त्या खोलीत, सासूबाईंकडे बघितलं. डोळे मिटलेले, ओठ कोरडे. पलीकडे घड्याळाचा काटा तेवढा वाजतोय. त्या शांततेत मला अर्ध्या तासातच गुदमरल्यासारखं झालं. ठरवलं. मशीन इथेच आणायचं. हो, मोटरसकट.

सांगायला सोपं आहे. लोखंडी पायांचं मशीन ते, ढकललं की फरशी ओरडते. मधल्या दारात अडकलं, कारण दाराआड औषधांचं टेबल. टेबल काढून बाहेर. पलंगाशी जागा नाही, म्हणून कमोडची खुर्ची बाहेर. मोटरची वायर पुरेना, म्हणून जवळच्या प्लगमधले बेल आणि मंद दिवा दोन्ही काढले. अंधारात सुई दिसते का? पडदा सरकवला. पाण्याचा तांब्या उचलून खिडकीत ठेवला. हे सगळं सामान जाऊबाईंच्या पलंगावर नेऊन रचलं. सासूबाईंची चादर बदलायला कठडा खाली केला होता, तो तसाच राहिला. जाऊबाईंची ती दृष्ट लागण्यासारखी खोली मी तासाभरात पार विसकटून टाकली.

आणि मशीन सुरू केलं.

पहिल्या खडखडीला सासूबाईंनी मान वळवली. मी शिवत राहिले. थोड्या वेळानं बघते तर त्या घोरत होत्या! पडून राहणं नव्हे, झोप. तोंड उघडं टाकून लागलेली, चांगली घट्ट झोप. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मशीन थांबवायची माझी हिंमत होईना. दोरा संपत आला तरी मी तशीच पाय दाबून.

आता डोळ्यांत पाणी घेऊन शिवल्यावर काय होणार? एका सदऱ्याला मी बाही उलटी लावली. आतली बाजू बाहेर. माझ्या लक्षातच आलं नाही, मी दुसरी लावायला घेतली.

"अगं ए!"

मी दचकले. सासूबाई डोळे सताड उघडून बघत होत्या.

"काय करतेस? बाही उलटी! दिसत नाही? कुणाचं पोर घालणार हे?"

"थांबा, उसवते ना."

"उसवते काय, फाडशील! तुला उसवता येतं का? आण इकडे."

"तुम्ही पडून राहा, मी—"

"आण म्हणते ना!" आणि त्यांनी हात लांब केला. सदरा हाताला लागेना. त्या आणखी पुढे सरकल्या, पाय खाली सोडले, मशीनच्या फळीला दोन्ही हातांनी धरलं आणि उभ्या राहिल्या. अंगातली सगळी आग त्या उलट्या बाहीवर! मी नुसते दोन्ही हात पसरून त्यांच्या मागे उभी, जणू मांजर पकडतेय.

नेमक्या तेव्हाच जाऊबाई दारात. जेवणाच्या सुट्टीत धावत आल्या होत्या. माझ्यावर भरवसा नव्हता ना.

त्यांनी आधी सासूबाईंकडे बघितलंच नाही. खोलीकडे बघितलं. जमिनीवर चिंध्या, फरशीवर ओरखडे, उघडा पडदा, खुर्ची गायब.

"काय केलंस हे? माझी खोली मोडलीस तू! पाणी कुठाय? बेल कुठाय? मी महिनाभर जीव काढून..." त्यांचा आवाज चिरकला. "तुला पहिल्यापासून बघवत नव्हतं ना, आई माझ्याकडे आलेल्या?"

"हो! नव्हतं बघवत!" मीही बोलून गेले. "तुम्ही त्यांना पेशंट करून ठेवलंत! मला नाही बघवत!"

"गप्प बसा दोघी." सासूबाई धापा टाकत होत्या, पण फळी सोडली नव्हती. जाऊबाईंना तेव्हा कुठे दिसलं की म्हातारी स्वतःच्या पायांवर उभी आहे. त्यांचा हात तोंडावर गेला.

"थोरले," सासूबाई म्हणाल्या, "सगळ्या खोल्या तू झोपून बघितल्यास. एकदा तरी उभी राहून बघितलीस का गं?"

जाऊबाई तोंडात मारल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग पुढे आल्या, सासूबाईंना नीट धरून पलंगावर बसवलं, चपला घातल्या आणि कामावर निघून गेल्या. एकाही वस्तूला हात लावला नाही. त्यांना मी इतकी वर्षं ओळखते, वस्तू वाकडी पडलेली असताना त्या खोलीतून बाहेर गेल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. मला चरचरलं. बाई रडली असती तरी परवडलं असतं.

नंतर हॉस्पिटलातल्या आयाबाई सांगायला आल्या, "भिंगरीचं काहीतरी बिनसलंय हो. पलंगावर बसते आणि एक पाय उचलून उठायला बघते. दाराच्या कडीला लोंबकळते. न्हाणीघरात भिंतीला धरून चालते. आम्हाला भीतीच वाटते." मला हसू आलं नाही.

घरी आमचं बोलणं बंद. मशीन मागच्याच खोलीत राहिलं, मी तिथेच शिवत होते. कमोडची खुर्ची तेवढी मी परत आणून ठेवली. सासूबाई जेवायला लागल्या, ओरडायला लागल्या, दिवसातून चार वेळा मशीनला धरून उभ्या राहायला लागल्या. पण पुढे पाऊल काही टाकेनात. मशीनच पलंगाशी आलं होतं, मग जायचं कुठे? डॉक्टर पुन्हा आले. बघितलं, मान हलवली. "उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं," म्हणाले. जाऊबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर माझं मशीन पुढच्या खोलीत, खिडकीशी, जुन्या जागेवर! मधलं दार सताड उघडं, फटीतली गुंडाळी काढून फेकलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, आता झाली सुरुवात, आता ही बाई परत शांतता पसरवणार. पिशवी टाकली आणि तडतडत मागे गेले, आज सोडायचंच नाही म्हणून.

मागच्या खोलीत जाऊबाई जमिनीवर बसल्या होत्या. बसल्या नव्हत्या, पडल्या होत्या. एक हात कमरेवर, चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"मशीन... एकटीनंच ढकललं. उंबऱ्यावरून उचलताना कमरेत काहीतरी कट्कन झालं. तरी नेलं खिडकीपर्यंत, आणि परत येऊन इथे कोसळले." त्या दात आवळून बोलत होत्या. "तुला सांगणार होते. मशीन इथे असलं तर आई त्यालाच धरून राहतील. पुढे असलं तर... त्यांना जावंसं वाटेल. मी बघून आले. या पलंगापासून त्या खिडकीपर्यंत भिंत धरता येते. मी स्वतः चालून बघितलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी खाली बसले आणि त्यांना उठवायला गेले, तर त्या कळवळल्या. "नको, नको, मी इथेच बरी आहे. जरा वेळानं उठते. तू जा, तुझं काम आहे."

"इथे काय, फरशीवर? चला तुमच्या पलंगावर."

पण त्यांच्या पलंगावर मीच सगळं रचलेलं. टेबल, दिवा, बेल. त्यांनी त्यातलं काहीच हलवलं नव्हतं, त्या कुठे झोपत होत्या देव जाणे. मी तिकडे बघितलं आणि मला लाजच वाटली.

"तिला माझ्या पलंगावर घाल," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी काय? मला पाय आहेत."

आणि त्या उठायला लागल्या. मशीन नव्हतं. फळी नव्हती. त्यांनी कठडा धरला, मग वॉकर ओढला, मग उभ्या राहिल्या. मी जाऊबाईंना सोडून त्यांच्याकडे धावले तर केवढ्यानं खेकसल्या, "मला नको, तिला धर!"

मी जाऊबाईंना काखेत धरून उठवलं आणि कसंबसं पलंगावर घातलं. त्या सरळ झाल्या, पाठ टेकली आणि डोळे छताकडे गेले. सवय कुठली जातेय!

"अगं, ही गादी डाव्या बाजूला थोडी... आणि त्या पंख्याचा..."

सासूबाई तोवर वॉकरवर दोन पावलं टाकून मधल्या दारापर्यंत पोचल्या होत्या. तिथेच थांबल्या. मागे वळता येत नव्हतं, म्हणून दाराकडेच तोंड करून बोलल्या.

"लग्न होऊन आलीस तेव्हा तुझं अंथरूण मी दारात घालायला लावलं होतं. जागा नव्हती, हे खरं. पण मी केली असती तर झाली असती." त्यांनी वॉकरवरची पकड बदलली. "आता जागा आहे. झोपून बघू नकोस. नुसती झोप."

जाऊबाईंनी डोक्यावरून चादर ओढून घेतली. चादरीखाली त्या हुंदके देत होत्या. मी त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि सासूबाईंच्या मागे गेले.

ठक. ठक. भिंत धरून, वॉकर टाकून, मध्येच थांबून मला शिव्या घालत, त्या पुढच्या खोलीत आल्या. आपल्या खाटेवर धपकन बसल्या. घामाघूम. रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

"बघतेस काय? कात्री दे. त्या बाहीचं काय केलंस?"

मी त्यांना कात्री दिली, त्यांच्यासाठीच मागे ठेवलेला तो सदरा दिला आणि मशीन सुरू केलं. मधलं दार उघडंच होतं. थोड्या वेळानं मला वाटलं, तिकडे पाठीनं हैराण झालेली बाई पडलीय, तिला गोंगाटानं डोकं उठतं, आज शिवण राहू दे. मी मशीन थांबवलं, चवड्यांवर जाऊन आत डोकावले.

जाऊबाई झोपल्या होत्या. चादर तोंडावरून खाली आलेली, तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबकळत. त्यांना असं झोपलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. तेवढ्यात त्यांची पापणी हलली.

"अगं," पुढच्या खोलीतून सासूबाईंचा दबका आवाज आला, "थांबवलंस कशाला? चालू कर लवकर, नाहीतर ती उठेल."

मी पळतच गेले आणि मशीन चालू केलं.